स्वीडनमधील नवलस्थळे

प्रेक्षणीय स्थळे म्हटली, म्हणजे उंच मनोरे, भव्य राजवाडे, प्राचीन मंदिरे किंवा विजयाची स्मारके डोळ्यांपुढे उभी राहतात. मनुष्याने जे जिंकले, जे उभारले आणि जे टिकवले, ते पाहण्यासाठी लोक दूरदूरचा प्रवास करतात. उत्तर युरोपातील स्वीडन या देशातही राजवाडे आहेत, किल्ले आहेत आणि जुनी प्रार्थनामंदिरेही आहेत. परंतु तेथे जाणाऱ्या प्रवाशांना काही निराळ्याच ठिकाणांचे कुतूहल असते. बुडालेले एक जहाज, कोसळलेली एक खाण, दर वर्षी वितळून जाणारे एक घर आणि आपली जागा सोडून चाललेले एक शहर, ही ती ठिकाणे होत. यांपैकी एकाही ठिकाणी विजयाची कथा ऐकावयास मिळत नाही. तरीही प्रवासी तेथे मोठ्या उत्सुकतेने जातात आणि विचार करीत परततात. असे का होते, हे समजण्यासाठी या ठिकाणांचा इतिहास थोडा तपशिलाने पाहावयास हवा.

स्वीडन हा दक्षिणोत्तर लांबट पसरलेला देश आहे. त्याची लांबी सुमारे १,५७० किलोमीटर असून क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या जवळजवळ दीडपट आहे. लोकसंख्या मात्र एक कोटीहून थोडीशीच अधिक आहे. देशाचा दोन-तृतीयांश भाग अरण्यांनी व्यापलेला आहे. त्याचे उत्तरेकडील टोक ध्रुववृत्ताच्याही पलीकडे जाते. तेथे उन्हाळ्यात कित्येक आठवडे सूर्य मावळत नाही आणि हिवाळ्यात कित्येक दिवस तो उगवत नाही. लाकूड, तांबे, लोखंड आणि बर्फ ही या भूमीची संपत्ती. पुढे वर्णिलेली चार नवले याच चार वस्तूंतून निर्माण झाली आहेत.

पहिले नवल राजधानीतच आहे. स्टॉकहोम हे शहर चौदा बेटांवर वसलेले असून तेथे मेलारेन सरोवराचे गोडे पाणी बाल्टिक समुद्राला मिळते. शहरातील एका बेटावर 'वासा' नावाच्या जहाजाचे संग्रहालय आहे. आत शिरताच मंद उजेडात एक प्रचंड लाकडी जहाज दिसते. पुढील तिरप्या काठीसह त्याची लांबी ६९ मीटर आहे. त्याच्या मागील बाजूवर सिंह, योद्धे आणि राजचिन्हे यांचे दाट कोरीव काम केलेले आहे. हे वैभव पाहून या जहाजाने किती लढाया मारल्या असतील, असे वाटल्यावाचून राहत नाही. वस्तुतः 'वासा'ने एकही लढाई केली नाही. त्याचा साऱ्या आयुष्यातील प्रवास अवघा १,३०० मीटरांचा झाला.

सतराव्या शतकात स्वीडनचे पोलंडशी युद्ध चालू होते. स्वीडनचा राजा दुसरा गुस्ताव अडॉल्फ याला बाल्टिक समुद्रावर आपला दरारा बसवावयाचा होता. त्याच्या आज्ञेने हे जहाज बांधण्यात आले आणि दोन मजल्यांवर मिळून त्यावर ६४ तोफा चढवण्यात आल्या. निघण्यापूर्वी जहाज पाण्यावर स्थिर राहते की नाही, हे पाहण्याकरिता तीस माणसांना एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत एकदम धावावयास सांगितले. तिसऱ्या धावेला जहाज इतके डोलू लागले, की परीक्षा मध्येच थांबवावी लागली. धोका डोळ्यांसमोर होता. परंतु राजा जहाजाची वाट पाहत होता. त्याला नकार कळवण्याचे धैर्य कोणालाही झाले नाही.

१० ऑगस्ट १६२८ रोजी 'वासा' निघाले. किनाऱ्यावर लोकांची दाटी झाली होती. खलाशांच्या बायकामुलांनाही थोड्या अंतरापर्यंत बरोबर येण्याची मुभा होती. वारा मंद होता. वाऱ्याचा एक झोत आला, तेव्हा जहाज कलले. पण पुन्हा सावरले. दुसऱ्या झोताला मात्र ते इतके कलले, की खालच्या मजल्यावरील तोफांच्या उघड्या खिडक्यांतून पाणी आत घुसले. पाहता पाहता जहाज तळाला गेले. किनारा हाकेच्या अंतरावर होता, तरी सुमारे तीस माणसे प्राणांस मुकली.

अपघाताची चौकशी झाली. पण शिक्षा कोणालाच झाली नाही. मुख्य कारागीर आदल्या वर्षीच मरण पावला होता आणि जहाजाच्या आराखड्याला खुद्द राजाची संमती होती. खरे कारण शास्त्राच्या दृष्टीने सोपे आहे. लहान होडीत डोक्यावर जड गाठोडे घेऊन मनुष्य ताठ उभा राहिला, तर होडी थोड्याशा हिसक्यानेही उलटते. तोच तळाशी बसला, तर ती स्थिर राहते. 'वासा'चा वरचा भाग फार जड झाला होता आणि त्याला तोलून धरील एवढे वजन तळाशी नव्हते. असे गणित आधी मांडून पाहण्याची रीत त्या काळी नव्हती. कारागीर अनुभवावरून व अंदाजाने जहाज बांधीत. पुढे जहाजावर सुतारांच्या चार मोजपट्ट्या सापडल्या. त्यांपैकी दोन स्वीडनच्या मापाच्या, तर दोन ॲमस्टरडॅमच्या मापाच्या होत्या. दोन्ही मापांतील फुटांची लांबी वेगवेगळी होती. जहाजाच्या दोन्ही बाजू हुबेहूब सारख्या का नाहीत, याचे उत्तर शोधताना संशोधकांना या पट्ट्या फार मोलाच्या वाटतात.

समुद्रात बुडालेले लाकूड सहसा टिकत नाही. लाकूड पोखरणारे, शिंपल्यांच्या जातीचे किडे त्याची चाळण करून टाकतात. परंतु बाल्टिक समुद्राचे पाणी फार कमी खारट आहे आणि अशा पाण्यात हे किडे जगू शकत नाहीत. त्यामुळे 'वासा' तळाच्या अंधारात जवळजवळ जसेच्या तसे राहिले. आंदेर्स फ्रान्सेन या संशोधकाने जुने कागद चाळून आणि समुद्राचा तळ चाचपून १९५६ मध्ये त्याचा ठाव लावला. मग पाणबुड्यांनी चिखलात शिरून जहाजाखालून सहा बोगदे खणले, त्यांतून पोलादी दोर ओवले आणि २४ एप्रिल १९६१ रोजी, ३३३ वर्षांनी, 'वासा' पुन्हा पाण्यावर आले. ओले लाकूड एकाएकी वाळले असते, तर ते आकसून फाटले असते. म्हणून सतरा वर्षे त्याच्यावर एका मेणासारख्या रसायनाचे फवारे मारण्यात आले. हे रसायन लाकडातील पाण्याची जागा हळूहळू घेत गेले. सध्याचे संग्रहालय १९९० मध्ये उघडले. तेथे पराक्रमाचे चित्र रंगवलेले नाही. जहाज का बुडाले, हेच तेथे मोकळेपणाने सांगितलेले आहे. जहाजाबरोबर बुडालेल्या माणसांच्या अस्थींचाही अभ्यास अद्याप चालू आहे. पुष्कळ वर्षे पुरुषाचा समजला गेलेला एक सांगाडा स्त्रीचा असल्याचे २०२३ मध्ये सिद्ध झाले.

दुसरे नवल तांब्याचे आहे. स्टॉकहोमच्या वायव्येस सुमारे २०० किलोमीटरांवर फालून हे गाव लागते. तेथील तांब्याच्या खाणीचा उल्लेख १२८८ च्या एका दस्तऐवजात सापडतो. सतराव्या शतकाच्या मध्यास युरोपातील तांब्याचा फार मोठा वाटा याच एका खाणीतून येत असे. कामगार खडकाजवळ लाकडांच्या मोठ्या आगी पेटवीत. रात्रभर तापून खडक तडकला, म्हणजे तो फोडून आतील धातुक काढीत. धूर, अंधार आणि कोसळणारे दगड यांच्या संगतीत त्यांचे आयुष्य जाई.

लाभाच्या लोभाने जमिनीच्या पोटात वाटेल तशा पोकळ्या खणल्या गेल्या. त्यांना तोलून धरणाऱ्या खडकाच्या भिंती पातळ होत गेल्या. अखेर २५ जून १६८७ रोजी त्या भिंती खचल्या आणि सारी खाण आत कोसळली. त्या दिवशी तेथील उन्हाळ्याचा मोठा सण होता. खाणकामगारांना वर्षातून फार थोड्या सुट्ट्या मिळत. त्यांपैकी ही एक. त्यामुळे खाणीत कोणीही नव्हते आणि एकही जीव गेला नाही. त्या वेळी पडलेला सुमारे ९५ मीटर खोल आणि ३०० मीटरांहून अधिक रुंद असा खड्डा आजही तेथे आहे. प्रवासी त्याच्या काठावर उभे राहतात, तेव्हा एका सुट्टीची किंमत किती असू शकते, हे त्यांना कळते. पुढेही खाणीचे काम चालू राहिले आणि १९९२ मध्ये ते कायमचे बंद झाले. २००१ मध्ये युनेस्कोने खाणीची व तिच्या परिसराची जागतिक वारशात गणना केली.

याच खाणीत १७१९ मध्ये एक विलक्षण घटना घडली. पाण्याने भरलेल्या एका जुन्या भागात कामगारांना एका तरुणाचे प्रेत सापडले. ते इतके ताजे दिसत होते, की तो नुकताच मेला असावा, असे सर्वांना वाटले. परंतु कामगारांपैकी कोणीही नाहीसा झालेला नव्हता. शेवटी एक वृद्ध स्त्री पुढे आली आणि तिने त्याला ओळखले. तो मॅट्स इस्रायलसन होता. बेचाळीस वर्षांपूर्वी, १६७७ मध्ये, खाणीत हरवलेला तिचा वाग्दत्त वर. खाणीच्या पाण्यात विरघळलेल्या धातूंच्या क्षारांमुळे त्याचे शरीर कुजले नव्हते. ती म्हातारी झाली होती आणि तो मात्र होता तसाच तरुण राहिला होता. त्याचे प्रेत पुढे कित्येक वर्षे लोकांना दाखवण्यासाठी ठेवण्यात आले. १९३० मध्ये अखेर त्याला भूमीत विसावा मिळाला. नवल पाहणाऱ्या लोकांना या गोष्टीने एक मर्यादा शिकवली: प्रत्येक नवलामागे कोणाचे तरी दुःख असू शकते आणि त्याचा मान राखला पाहिजे.

फालूनच्या खाणीने आणखी एक गोष्ट देशाला दिली. खाणीबाहेर टाकलेल्या निरुपयोगी मातीत लोहाचा अंश असतो. ती धुऊन, वाळवून आणि भाजून तांबडी पूड करतात. पाणी, राय नावाच्या धान्याचे पीठ आणि जवसाचे तेल यांत ती शिजवली, म्हणजे भिंतींना देण्याचा रंग तयार होतो. या रंगामुळे लाकूड ऊनपावसापासून बचावते. स्वीडनच्या खेड्यापाड्यांत हिरव्या शेतांच्या कडेला जी तांबडी लाकडी घरे शोभून दिसतात, त्यांचा रंग म्हणजे या खाणीचा केरकचरा होय.

फालूनहून उत्तरेकडे निघाले, म्हणजे आगगाडी तासन् तास पाइन आणि स्प्रूस वृक्षांच्या अरण्यांतून धावत राहते. या अरण्यांतही एक नवल आहे. मात्र ते डोळ्यांना दिसत नाही. स्वीडनमध्ये कोणालाही, अगदी परदेशी प्रवाशालाही, दुसऱ्याच्या मालकीच्या रानातून हिंडता येते. तेथील फळे वेचता येतात आणि एखादी रात्र तंबू ठोकून राहताही येते. मालकाचे घर, अंगण आणि उभे पीक यांपासून मात्र दूर राहावे लागते. या प्राचीन रीतीला १९९४ मध्ये देशाच्या राज्यघटनेत स्थान मिळाले. तिचा नियम थोडक्यात असा सांगतात: कोणाला त्रास देऊ नये आणि कशाची नासधूस करू नये. हजारो कोस पसरलेल्या रानाला कुंपणापेक्षा या नियमानेच अधिक चांगले राखले आहे.

ध्रुववृत्त ओलांडल्यावर तिसरे नवल दिसते. टोर्ने नदीच्या काठी यूक्कासयार्वी नावाचे लहानसे गाव आहे. तेथील हिवाळा दीर्घ आणि अंधारा असतो. इतरत्र जी थंडी लोकांना नकोशी होते, तिचेच या गावाने भांडवल केले. १९९० च्या सुमारास तेथे बर्फाच्या कलाकृतींचे प्रदर्शन भरले होते. काही पाहुणे बर्फाच्या त्या दालनातच रात्री झोपले. त्यातून बर्फाचे अतिथिगृह बांधण्याची कल्पना निघाली. टोर्ने नदीचे पाणी स्वच्छ व वाहते असल्यामुळे तिचा बर्फ काचेसारखा नितळ असतो. हिवाळ्याच्या शेवटी नदीच्या पृष्ठभागावरून प्रत्येकी सुमारे दोन टन वजनाच्या लाद्या कापून साठवून ठेवतात आणि पुढील हिवाळ्यात त्यांपासून भिंती, खांब, दिवे व पलंग घडवतात. निरनिराळ्या देशांतील कलावंत तेथे येतात आणि प्रत्येक खोलीला वेगळे रूप देतात. आतील तापमान शून्याखाली पाच अंशांच्या आसपास असते. पाहुणे बर्फाच्या पलंगावर रेनडियरचे कातडे अंथरून उबदार पिशवीत शिरून झोपतात.

वसंत ऋतू आला, की हे सारे सौंदर्य वितळू लागते आणि त्याचे पाणी ज्या नदीतून आले, तिलाच पुन्हा मिळते. २०१६ पासून त्याचा एक भाग सौरशक्तीच्या साहाय्याने वर्षभर थंड ठेवण्यात येतो. परंतु मुख्य इमारत मात्र दर वर्षी नव्याने उभी राहते. आपली कलाकृती काही महिन्यांत नाहीशी होणार, हे ठाऊक असूनही कलावंत ती जीव ओतून घडवतात. टिकणारी वस्तूच सुंदर असते, असे समजणाऱ्याने हे घर अवश्य पाहावे.

चौथे नवल तेथून जवळच आहे. ते सर्वांत नवे आणि सर्वांत अवघड आहे. यूक्कासयार्वीपासून सुमारे १७ किलोमीटरांवर कीरुना हे स्वीडनमधील अगदी उत्तरेचे शहर वसले आहे. येथील डोंगरात उत्तम प्रतीचे लोहधातुक सापडले आणि १९०० मध्ये शहराची स्थापना झाली. खाणीमुळेच शहर वाढले. शाळा, घरे, रस्ते आणि रेल्वे ही सारी तिच्यामुळेच आली. परंतु धातुकाचा थर तिरपा होता आणि तो शहराच्या दिशेने खाली खाली उतरत गेला होता. खाण जसजशी खोल गेली, तसतशी ती शहराच्या पायाखाली येऊ लागली. धातुक काढून घेतल्यावर वरचा खडक खचतो आणि जमिनीला भेगा पडतात. अशा जमिनीवर राहणे धोक्याचे होते. खाण बंद करावी, तर शहराचे पोट कशावर भरणार? २००४ मध्ये उत्तर जाहीर झाले: खाण चालू राहील, शहराने जागा सोडावी.

तेव्हापासून कीरुना थोडेथोडे सरकत आहे. जुन्या ठिकाणापासून सुमारे तीन किलोमीटर पूर्वेस शहराचा नवा मध्यभाग बांधण्यात आला आणि २०२२ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. पुष्कळ इमारती पाडाव्या लागल्या. काही मात्र लोकांना इतक्या प्रिय होत्या, की त्या उचलून नेण्याचे ठरले. त्यांत १९१२ मध्ये पूर्ण झालेले तांबडे लाकडी चर्च मुख्य होते. त्याचा आकार सामी लोकांच्या झोपडीवरून सुचलेला आहे. चर्चखाली पोलादी तुळया सरकवण्यात आल्या. आतील चित्र व वाद्य जपून बांधण्यात आले. रस्ता नऊ मीटरांवरून चोवीस मीटरांपर्यंत रुंद करण्यात आला. १९ ऑगस्ट २०२५ रोजी ६७२ टन वजनाचे ते चर्च असंख्य चाकांच्या गाड्यांवर बसून निघाले. ताशी जेमतेम अर्धा किलोमीटर या वेगाने, मुंगीच्या पावलांनी ते चालले होते. दोन दिवसांत पाच किलोमीटरांचा प्रवास करून ते नव्या जागी पोहोचले. हजारो लोक रस्त्याच्या दुतर्फा उभे राहून तो प्रवास पाहत होते.

हे दृश्य अद्भुत होते, तरी सर्वांनाच त्याने आनंद झाला असे नाही. चर्च हलवता येते. परंतु ज्या गल्लीत बालपण गेले, ज्या अंगणात आजोबांनी झाड लावले, ती गल्ली व ते अंगण हलवता येत नाही. याच भूमीवर सामी लोक शतकानुशतके रेनडियरचे कळप पाळत आले आहेत. खाण आणि शहर यांच्या विस्तारामुळे कळपांच्या जुन्या वाटा अरुंद होत चालल्या आहेत. जगाला लोखंड हवे आहे. आणि ते देणाऱ्या भूमीवरील माणसांना त्याची किंमत मोजावी लागत आहे. या प्रश्नाचा निकाल अद्याप लागलेला नाही. म्हणून कीरुना हे केवळ पाहण्याचे नव्हे, तर विचार करण्याचे ठिकाण झाले आहे.

जहाज, खाण, बर्फाचे घर आणि चालते शहर, ही चारही ठिकाणे एकमेकांपासून किती निराळी! तरी त्यांत एक धागा समान आहे. मनुष्याच्या हातून काही निसटते, काही कोसळते, काही वितळते आणि काही सोडून द्यावे लागते. अशा वेळी ते लपवून टाकणे सोपे असते. स्वीडनमधील लोकांनी ते लपवले नाही. जहाज का बुडाले, हे त्यांनी शोधून काढले. खाण का खचली, हे लिहून ठेवले. वितळणारे घर पुन्हा पुन्हा बांधले. आणि जे नेता येईल, ते नव्या जागी जपून नेले. राजासमोर सत्य बोलण्यास कोणी धजला असता, तर 'वासा'वरील माणसे वाचली असती. ती चूक तीन शतकांहून अधिक काळ पाण्याखाली दडलेली होती. आज मात्र ती मोठ्या दालनात, सर्वांना दिसेल अशी उभी आहे, आणि दर वर्षी लाखो लोक तिच्याकडून शहाणपण घेऊन जातात.